सेमीला न दिलेली दोरी

नुकुसा गावात नारळाच्या सोडणाला कुणी विचारत नसे. खोबरं काढायचं, करवंट्या भट्टीत घालायच्या आणि सोडणांचे ढीग किनाऱ्यावर कुजू द्यायचे, अशी तिथली वहिवाट. पावसाचं पाणी ढिगांत साचायचं, डास व्हायचे, मग कुणीतरी वैतागून ढीग पेटवायचा आणि त्याचा धूर गावभर हिंडत राहायचा. वासिती लग्न होऊन या गावात आली, होडीतून उतरली आणि नवऱ्याला तिनं पहिला प्रश्न विचारला तो सोडणांबद्दल.

"हे असंच टाकून देता तुम्ही?"

"मग काय चर्चमध्ये नेऊन ठेवू?" सेमी म्हणाला.

वासिती लाऊकडची. पूर्वेकडच्या त्या छोट्या बेटांवर मातीही मोजकी आणि गोडं पाणीही मोजकं, त्यामुळं तिथली माणसं सहसा काही फेकत नाहीत. तिचा बाप इनोके दिवसभर मासे मारायचा आणि संध्याकाळी यांगोनाच्या, म्हणजे मुळांच्या कडसर पेयाच्या, परातीभोवती बसला की बोलता बोलता मांडीवर काथ्या वळायचा. त्याच्या वेणीसारख्या चपट्या दोरीनं बेटावरची घरं बांधलेली होती, एक खिळा न मारता. हे काम पुरुषांचं. पण इनोकेला मुलगा नव्हता, म्हणून सोडण भाजणं, कुटणं, तंतू निवडणं हे वासितीकडं आलं आणि पुढं वळणंही आलं. मुलगी दोरी वळते म्हणून लोक कुजबुजायचे. इनोकेला ऐकू कमी येत नव्हतं, पण तेवढ्यापुरता तो बहिरा व्हायचा.

लग्नात त्यानं लेकीला दोरीची एक मोठी गुंडाळी दिली. झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळलेली, बाळासारखी दोन्ही हातांनी उचलावी लागेल एवढी. वासितीनं ती नुकुसातल्या घराच्या आढ्याला टांगली आणि कधीच खाली काढली नाही. दर वर्षी वादळाचे दिवस आले की सेमी तिच्याकडं बघायचा.

"दे ना ती. होडी घट्ट बांधून ठेवतो."

"ती बाबांची आहे. तुझ्या फुटक्या होडीला नाही मिळायची."

यावरून सेमीच्या थोरल्या बहिणीला, मेरेसेइनीला, जन्मभराचा विषय मिळाला. नणंद-भावजयीनं एकमेकींची थट्टा करायची हा त्या मुलखातला हक्कच आहे. दोघी एकमेकींना 'दाउवे' म्हणतात, आणि दाउवेनं टोमणा मारला नाही तर काहीतरी बिनसलंय असं समजायचं. मेरेसेइनी हा हक्क सढळ हातानं वापरायची. चार बायका जमल्या की ती सुरू.

"खरं सांगते, दाउवे, आमच्या सेमीनं काही तुझं तोंड पाहून लग्न केलं नाही. होडी बांधायला दोरी नव्हती बिचाऱ्याकडं."

"मग फसला तो," वासिती म्हणायची. "दोरी माझ्याकडंच राहिली. त्याला नुसतं तोंड मिळालं."

सेमी साखरेच्या आजारानं गेला. आधी पाय गेला, मग तो गेला. त्याला डोंगराच्या पायथ्याशी, गावाच्या जुन्या दफनभूमीत पूर्वेच्या कोपऱ्यात पुरलं. त्या कोपऱ्यात बाकी सगळ्या फार जुन्या कबरी, नावं कुणाला आठवत नाहीत अशा. मेरेसेइनीनं भावाच्या कबरीवर छपाईचं कापड पसरलं, वासितीनं भोवती पांढरी पोवळ्याची खडी रचली. दोघीही दर रविवारी चर्च सुटलं की तिथं जायच्या आणि तिथंही भांडायच्या.

नंतर वरून रस्ता आला. डोंगराचा कान कापावा तसा उतार कापला आणि लाल माती उघडी पडली. पहिल्या पावसाळ्यात ती घसरून दफनभूमीत आली. दुसऱ्या वर्षी रस्तेवाल्यांनी उतारावर हिरव्या प्लास्टिकची जाळी अंथरली. पाऊस आला, माती जाळीसकट खाली आली, बालवाडीचा व्हरांडा भरला आणि सेमीची कबर गुडघाभर चिखलात गेली. त्या जाळीचे धागे अजूनही मासे धरताना हाती लागतात. वासितीनं हातांनी चिखल उपसून नवऱ्याची कबर मोकळी केली आणि त्याच मातीच्या हातांनी ती रातूंच्या दारात जाऊन खाली बसली. रातू तेविता म्हणजे गावचे मुखिया, तेव्हा फार म्हातारे झालेले.

"रातू, आपल्या सोडणांची जाळी करू. माती धरून ठेवेल. तोवर त्यातून वाळा उगवेल, वाळ्याची मुळं डोंगर धरतील, आणि जाळी आपली आपण कुजून जाईल."

"तुला येते करायला?"

"दोरी येते. जाळी शिकेन."

रातू हसले. त्यांनी खोबऱ्याची रिकामी वखार बायकांना दिली, आणि सोडणं भिजत घालायला खाजणातला एक तुकडाही दिला, उथळ पाण्याचा, त्यांच्या स्वतःच्या मासेमारीच्या जागेला लागून. बायकांनी केक विकून, नाचाचे कार्यक्रम करून सोडण फोडायचं एक जुनं यंत्र आणलं. ते सुरू झालं की गावातल्या कोंबड्या झाडावर चढायच्या.

पहिली जाळी नापास झाली. रस्तेखात्याचा इंजिनिअर रोनील दत्त लाबासाहून आला, शांत स्वभावाचा माणूस, त्याचा पणजोबा ऊस तोडायला आला होता आणि इथलाच झाला. त्यानं जाळीला वाळूचं पोतं लटकवलं. जाळी करकरली आणि गाठींपाशी तुटली. बायकांची तोंडं उतरली. रोनीलनं तुटलेला धागा नखानं उलगडून पाहिला.

"पीळ सैल आहे, नाऊ," तो म्हणाला. आईच्या वयाच्या बाईला तिकडं नाऊच म्हणतात. "आणि तंतू कच्चे आहेत. सोडणं आणखी बरेच महिने खाऱ्या पाण्यात राहू द्या. जाळी चांगली झाली तर या किनाऱ्यावरच्या सगळ्या उतारांना मी तुमचीच लावेन. पण यंदाच्या पावसाआधी इथला उतार झाकलेला पाहिजे. नाही झाला तर गोदामात प्लास्टिकच्या गुंडाळ्या आहेत, मी त्या लावणार. मला डोंगर थांबवायचाय. कशानं थांबतो याच्याशी मला देणंघेणं नाही."

"म्हणजे मागच्या वर्षीसारखा थांबवणार?" मेरेसेइनी म्हणाली.

रोनीलला हसू आलं. "यंदा जाड प्लास्टिक आहे, नाऊ."

वासितीला त्याचं म्हणणं पटलं. तिनं गावातलं एकेक सोडण गोळा करवलं, हिरवं तेवढं निवडलं, बायकांच्या रांगा करून खाजणात नेलं आणि वर पोवळ्याचे दगड रचून दाबून टाकलं. मोठा ढीग झाला. ओहोटीला त्याचं टोक पाण्याबाहेर दिसायचं. येता-जाता वासिती तिकडं बघायची, चुलीवर ठेवलेल्या भातावर नजर असावी तशी.

आंब्यांना मोहर होता तेव्हा रातू गेले.

आसपासच्या बेटांवरून माणसं आली, चटया आल्या, डुकरं आली, मानाचे म्हणून देवमाशाचे दात आले. रातूंना दफनभूमीच्या मधोमध, त्यांच्या पूर्वजांशेजारी ठेवलं. आणि रीतीप्रमाणं शोक लागला. शंभर रात्री रातूंच्या मासेमारीच्या पाण्यात कुणी हात घालायचा नाही. शंभर रात्री गावात मोठा आवाज नाही. चर्चचा लाकडी नगारासुद्धा गप्प. यंत्राचा तर प्रश्नच मिटला.

पाण्यातल्या बंदीची हद्द ठरवताना ढिगाचा विचार झाला होता बरं का. हद्द ढिगाच्या अलीकडं, खडकाच्या नाकाशी संपवायची असं सभेत ठरलं. तिथं खांब रोवायचं काम मेरेसेइनीच्या नवऱ्याकडं, तोमासीकडं आलं. हा तोमासी सज्जन माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. भरती चढत होती, खडक कठीण, खांब काही उभा राहीना. तोमासीनं इकडंतिकडं पाहिलं. थोडं पुढं पाण्याखाली छान रचलेले दगड लागले पायाला. त्यानं त्यांच्या मध्ये खांब खोचला, हलवून पाहिला, पक्का बसला. मग प्रार्थना झाली, रातूंचं नाव घेतलं गेलं, खांबाला नारळाच्या झावळ्या आणि काळं कापड बांधलं गेलं. सगळे मान खाली घालून परतले.

सकाळी ओहोटी लागली आणि बायकांना दिसलं की बंदीचा खांब बरोबर त्यांच्या सोडणांच्या डोक्यावर उभा आहे.

"तोमासी," मेरेसेइनी नवऱ्याला म्हणाली, "तुला अख्ख्या समुद्रात दुसरा दगड दिसला नाही?"

"पाण्याखाली होते गं," तोमासी म्हणाला. "मला वाटलं, देवानंच रचून ठेवलेत."

खांब हलवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. नाव घेऊन रोवलेला खांब शंभराव्या रात्रीनंतरच निघतो. एका तरुण बाईनं दबक्या आवाजात सुचवलं की पोटावर पडून बाजूनं थोडी सोडणं ओढता येतील, खांब आहे तसा राहील, सोडण काही मासा नाही. दोघीतिघींनी वासितीकडं आशेनं पाहिलं.

"जागा रातूंनीच दिली आपल्याला," वासिती म्हणाली. "आणि त्यांच्याच शोकात आपण तिथं चोरी करायची? ते सोडा. दुसरं काय करता येईल ते बघू."

ती म्हणाली खरी, पण दुसरं काय करता येईल ते तिला ठाऊक नव्हतं. पाऊस शंभर रात्री थांबणार नव्हता. ती घरी जाऊन चटईवर आडवी झाली आणि वर आढ्याला टांगलेल्या गुंडाळीकडं बघत राहिली. आणि मग तिला स्वतःचाच राग आला. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय! तिच्या बेटावर सोडणं महिनोन्‌महिने भिजत घालायला असं निवांत खाजण कुठं होतं? बाप सोडणं भाजायचा. खड्डा खणायचा, दगड तापवायचे, ओली सोडणं त्यावर घालून पानांनी झाकायची, वर माती. कंद भाजतात तसंच. सकाळी गरम गरम काढून कुटायची.

कुटण्याचा आवाज होतो, म्हणून काम डोंगराच्या पलीकडं नारळाच्या बागेत न्यायचं ठरलं. तिथला आवाज गावात पोचत नव्हता. नवी सोडणं वाहून आणायला तोमासीला वेगळं सांगावं लागलं नाही. खांब रोवल्यापासून तो बायकांच्या नजरेला नजर देत नव्हता, सोडणांचे भारे मात्र बैलासारखा ओढत होता. बायका तिकडं लाकडी सोट्यांनी कुटायच्या, तंतू झटकायच्या, ओझी घेऊन डोंगर उतरायच्या, आणि गावात शिरताना बोलणं बंद. वखारीत यंत्र झाकून ठेवलेलं. त्याच्या शेजारी सगळ्या जणी पाय पसरून बसायच्या आणि मांडीवर सुंभ वळायच्या. त्याला आवाज नाही. मांड्या सोलून निघाल्या. रात्री खोबरेल लावायचं, सकाळी पुन्हा बसायचं. भाजलेला काथ्या काळपट आणि राठ, हाताला चावतो, आणि सोडणामागं निघतोही कमी.

"गावात मौन आहे म्हणून वाचलीस, दाउवे," मेरेसेइनी कुजबुजायची. "नाहीतर या मांड्यांवरून तुला काय काय ऐकवलं असतं."

"बोलू नकोस. वळ."

"बघ, हुकूम सोडते. सेमी उगाच नाही लवकर गेला."

अशा थट्टेवर बायका ओठ दाबून हसायच्या आणि काम पुढं सरकायचं. पण खरं सांगायचं तर सगळ्यांना ते झेपत नव्हतं. काही जणींनी मधेच सोडलं. एकीनं स्पष्टच विचारलं, प्लास्टिक लागलं तर असं काय बिघडतं? वासिती चिडली नाही. तिनं आपल्या मांडीवरचा अर्धा धागा पुरा केला, गाठ मारली आणि पुढचा घेतला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते लोक नावं ठेवायला म्हणतात. पण त्या दिवसांत वखार चालली ती त्या पिळावरच.

पट्टे विणून झाले तसे चर्चसमोरच्या हिरवळीवर अंथरले. रोनील आला. त्यानं या वेळी दोन पोती लटकवली. जाळी ताणली गेली, तुटली नाही. त्यानं मान डोलावली, आणि मग वर उताराकडं आणि खाली पट्ट्यांकडं बघून मनातल्या मनात मोजू लागला. वासितीनं ते आधीच मोजलं होतं.

"एक पट्टा कमी आहे, नाऊ."

"हो."

"आभाळ बघा. मला आता थांबता यायचं नाही. तेवढ्या जागी प्लास्टिक टाकू?"

"टाकलं तर कागदावर उतार कुणाचा लागेल?"

रोनीलनं कपाळ पुसलं. "प्लास्टिकचा. एका उताराला दोन प्रकारची जाळी आमच्याकडं चालत नाही. गोदामातून गुंडाळी निघाली की पुढचे उतारही तिकडंच जाणार. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? तो पट्टा मोकळा ठेवायचा तर ठेवू, मला चालेल. पण खाली माणसांची वर्दळ असेल तिथला नको. कुठला ठेवायचा ते तुम्ही सांगा."

वासितीनं डोंगराकडं पाहिलं. पश्चिमेला खाली बालवाडी. मध्ये रातूंची नवी कबर, तिच्यावरची चटईही अजून नवी दिसत होती. पूर्वेला जुन्या कबरी. तिला फार वेळ लागला नाही, आणि लागला नाही याचंच पुढं तिला वाईट वाटत राहिलं.

"पूर्वेकडचा," ती म्हणाली.

"खाली कुणी नाही ना तिथं?"

"कुणी नाही."

मेरेसेइनी मागं खुंट्यांचा भारा घेऊन उभी होती. "कुणी नाही?" ती म्हणाली. "माझा भाऊ आहे तिथं."

वासिती वळली. "मग काय करू? पोरांच्या डोक्यावरचा मोकळा ठेवू? की रातूंच्या?"

मेरेसेइनीनं भारा जमिनीवर ठेवला आणि ती घरी निघून गेली. रोनील ओशाळला. त्याला कळलं नव्हतं तिथं कोण आहे ते. "नाऊ, अजून बदलता येईल," तो म्हणाला. वासितीनं भारा उचलला आणि उतार चढायला लागली.

पट्टे अंथरले, खुंट्या ठोकल्या. शोक होता म्हणून खुंट्यांच्या डोक्यांवर चिंध्या बांधून ठोकल्या. जाळीच्या घरांतून वाळ्याची रोपं लावली. पूर्वेला वरपासून खालपर्यंत लाल मातीचा एक पट्टा उघडा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून मेरेसेइनी वखारीत पुन्हा येऊ लागली. काम आधीसारखंच चोख. पण वासिती दिसली की ती "बुला, वासिती" म्हणायची, जसं बाजारात परक्या बाईला म्हणावं. दाउवे नाही, टोमणा नाही. वासितीनं मुद्दाम एकदा स्वतःच खोडी काढून पाहिली, तोमासीच्या खांबाची. मेरेसेइनी हसून "हो ना" म्हणाली आणि सुंभ वळत राहिली. त्या "हो ना"नं वासितीला जेवढं लागलं तेवढं कशानं लागलं नव्हतं. ती रात्र तिनं रडण्यात घालवली आणि सकाळी कामावर गेली.

पाऊस शंभराव्या रात्रीची वाट बघत बसला नाही. एका दुपारी समोरचं बेट दिसेनासं झालं आणि मग तो आला तो दोन दिवस कोसळत राहिला. गाव चर्चच्या पडवीत जमून डोंगराकडं बघत होतं. उतारावरून पाणी येत होतं, लालसर, पण पातळ. काळपट जाळी मातीला चिकटून बसली होती. बालवाडीचा व्हरांडा कोरडा होता. रातूंच्या कबरीवरची चटईसुद्धा जागची हलली नाही. पूर्वेला मात्र धप्प असा आवाज झाला आणि उघडा पट्टा खाली बसला. मेरेसेइनीनं पदर चेहऱ्यावर घ्यावा तसा ओला टॉवेल तोंडावर धरला.

पाऊस ओसरला तेव्हा वासिती फावडं घेऊन तिथं होती. चिखल गुडघ्यापर्यंत. पांढरी खडी कुठं गेली पत्ता नाही. रोनीलची गाडी आली. तो सबंध उतार चढला, जागोजाग जाळीत बोटं घालून ओढून पाहिली, खाली उतरला आणि तिच्यापाशी येऊन उभा राहिला.

"पुढच्या तिन्ही वळणांचे उतार तुमचे, नाऊ. मी आजच लिहून पाठवतो. आता मागं सरू नका."

"बरं झालं," वासिती म्हणाली आणि उपसत राहिली. तिला आनंद झाला होता, खूप झाला होता. आणि त्या आनंदाची तिला तिथं, त्या चिखलात उभं राहून, लाजही वाटत होती. रोनीलनं बूट काढले, पँट वर दुमडली आणि गाडीतलं दुसरं फावडं आणलं.

शंभरावी रात्र झाली. जेवणं झाली, शोकाची काळी वस्त्रं उतरली, नगारा वाजला. सकाळी सगळा गाव किनाऱ्यावर आला आणि तोमासी कमरभर पाण्यात जाऊन खांबाला हात घालून उभा राहिला.

"बघ हं, आता उपटून कुठं ठेवतोस ते," कुणीतरी ओरडलं. "तिथं पण देवानं काही रचून ठेवलं असेल."

खांब निघाला. खालची सोडणं काळी पडलेली, वास असा की पोरं नाक धरून पळाली. धुवून यंत्रात घातली आणि काथ्या निघाला तो सोन्यासारखा, लांब, मऊ. भाजलेल्याची आणि याची तुलनाच नव्हती. बायका हातात घेऊन गालाला लावून बघत होत्या. यंत्र धडधडत होतं, कोंबड्या झाडावर होत्या. पहिल्या काथ्याचा सुंभ वासितीनं दुसऱ्या कुणाला वळू दिला नाही. पूर्वेचा पट्टा तिनं एकटीनं विणला.

मग तिनं शेजाऱ्याच्या मुलाकडून शिडी आणवली आणि आढ्यावरची गुंडाळी खाली काढली. सालीचं कापड हातातच विरलं. आतली दोरी जशीच्या तशी होती. ती घेऊन ती मेरेसेइनीच्या घरी गेली, आत गेली ती दाराजवळच, चटईच्या खालच्या बाजूला बसली, आणि गुंडाळी दोन्ही हातांनी पुढं ठेवली. माफी मागायला माणसं देवमाशाचा दात घेऊन जातात. तिच्याकडं दात नव्हता, हे होतं.

"मी त्या दिवशी कुणी नाही असं म्हणाले," वासिती म्हणाली. "ते चुकलं माझं. मोकळा पट्टा मी तिथलाच ठेवला, आज विचारलं तरी तिथलाच ठेवेन. पण कुणी नाही असं म्हणायला नको होतं."

मेरेसेइनीनं गुंडाळीकडं पाहिलं. ती कुठली हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं हात पुढं करून तिला स्पर्श केला, आणि मग रीतीप्रमाणं तळहात पोकळ करून हळूच टाळ्या वाजवल्या. म्हणजे स्वीकारलं. 'दाउवे' मात्र म्हणाली नाही. वासिती उठून घरी आली. झालं ते एवढंच झालं, असं तिला वाटलं.

सकाळी ती आणि आणखी दोघी पूर्वेच्या उतारावर पट्टा वरून खाली सोडत होत्या तेव्हा मेरेसेइनी खांद्यावर गुंडाळी घेऊन येताना दिसली. ती वर चढली नाही. सरळ सेमीपाशी गेली. तिथं तोमासीनं कबरीभोवती चार नवे खांब रोवून ठेवले होते, या वेळी विचारून. जाळीचं खालचं टोक लोंबत होतं. मेरेसेइनीनं इनोकेची दोरी उलगडली, जाळीच्या घरांतून ओवत नेली आणि एकेका खांबाला बांधत गेली. म्हाताऱ्याची दोरी इतकी वर्षं टांगून राहिली होती, तरी वाकवताना कुठं तडकली नाही. शेवटच्या खांबाशी तिनं गुडघा टेकून गाठ आवळली आणि कबरीवरची ओली माती तळहातानं सारखी केली.

"घे रे, सेमी," ती म्हणाली. "जिच्यासाठी लग्न केलंस ती दोरी आली एकदाची. तोंड वर उभं आहे. तेवढं मात्र पहिल्यापेक्षा खराब झालंय."

वासिती उतारावर जिथं होती तिथंच खाली बसली. तिला हसूही येत होतं आणि डोळ्यांपुढचं दिसतही नव्हतं. मग तिनं नाक पुसलं आणि मातीचं एक ढेकूळ उचलून नणंदेच्या दिशेनं फेकलं.

"दुहेरी गाठ मार, दाउवे," ती म्हणाली. "त्याच्या होडीची कधी नीट नव्हती."

मेरेसेइनीनं गाठ सोडली, पुन्हा दुहेरी मारली. मग दोघी वाळ्याची रोपं लावायला लागल्या, एक वरून, एक खालून.